काशीला सोडलेली गोळी

विहीणबाई, तुमचं काळीज बंद पडून तुम्ही गेला नाहीत. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुम्हाला तीच धास्ती होती आणि मला तुमच्यापेक्षा जास्त होती. बारामतीच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या लेकाला बाजूला घेऊन सांगितलं, की न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत पसरला, वय झालेलं, अंगात ताकद उरली नव्हती. पण हृदय शेवटपर्यंत नीट चालत होतं. लेक डोळे पुसत मला हे सांगत होता आणि मला हायसं वाटत होतं. माणूस गेल्याच्या दिवशी हायसं वाटलेलं बरं दिसत नाही, म्हणून मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं रडते आहे. वाटू दे.

परवा तुमचा तेरावा झाला. काल आम्ही अलकाला घेऊन कन्हेरीला परत आलो आणि जेवणं झाल्यावर मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. तुमची लेक माझी सून आहे, तिच्यापायी मोडला. तिनं गोळी सोडली होती. ती कोलेस्ट्रॉलची, जिला आपण चरबीची गोळी म्हणायचो, ती. ऐकून तुम्ही तिकडे उठून बसला असाल. बसा. सगळं सांगते.

आपलं पहिल्यापासून जमलं असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. अलकाच्या लग्नात तुमच्या मांडवात आमच्या पाहुण्यांची पंगत उशिरा बसली आणि मी चार माणसांत बोलून दाखवलं. तुम्ही वाढता वाढता थांबलात आणि म्हणालात, "इहीणबाई, पोटाला येवढी घाई हुती तर घरनं जेवून यायचं." मला राग आला. पण परतीच्या वाटेवर वाटलं, ही बाई तोंडावर बोलते, मागून बोलणार नाही. तसंच झालं. इंदापुराकडून दरवर्षी तुमच्या बागेतल्या डाळिंबांचं क्रेट यायचं. वर मोठी फळं, खाली बारकी. मी फोनवर विचारलं की तुम्ही म्हणायच्या, "वरची माझ्या लेकीला, खालची तुमाला. तुमाला साखर हाय, तुमी जास्त खायची न्हाईत." आणि लेकीच्या घरी एका रात्रीपेक्षा जास्त राहायचं नाही हा तुमचा हट्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी हातात घेऊन दारात उभ्या. चहासुद्धा उभ्यानं.

तुम्हाला झटका आला तेव्हा बागेत छाटणी चालू होती. छातीत कळ येते म्हणायच्या ऐवजी पित्त झालंय म्हणत तुम्ही सोडा पीत बसलात. पुतण्यानं उचलून गाडीत घातलं म्हणून वाचलात. बारामतीला काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि घरी सोडताना सांगितलं, की आता गोळ्या चालू ठेवायच्या आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवत राहायचं. तुमच्या गावचा डॉक्टर तरणा बाप्या, त्याच्यापुढं तुम्हाला छाती उघडायची लाज. आमच्याकडं डॉक्टरीणबाई होत्या, म्हणून तुम्ही एसटीनं इकडं येऊ लागलात.

त्या दवाखान्याच्या बाकावर मी आधीपासून बसलेली होतीच. मला साखर, वर बीपी. डॉक्टरीणबाईंनी मला चरबीची गोळी लिहिली तेव्हा मी भांडले होते. "माझा रिपोर्ट तर बरा हाय म्हणताय, मग गोळी कशापायी?" त्या म्हणाल्या, "आजी, मी नुसत्या रिपोर्टला गोळी देत नाही, माणसाकडं बघून देते. तुमची साखर जुनी आहे, बीपी आहे, वय आहे. झटका येण्याची वाट बघायची का?" मला ते पटलं नव्हतं. भांडायचा कंटाळा आला म्हणून घेऊ लागले. पटलं ते तुमच्यामुळं.

तुम्ही पहिल्यांदा आत गेलात तेव्हा मी बरोबर होते. "ही किती दिस घ्यायची?" तुम्ही विचारलंत. त्या म्हणाल्या, कायम. तुम्ही म्हणालात, "स्प्रिंग घालून नळी मोकळी केली नव्हं?" त्या समजावू लागल्या, रक्तातली चरबी, ती कशी आतून थरानं बसते. तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत. "म्हंजी ठिबकगत. आमच्या बोअरचं पाणी खारं. ठिबकच्या नळीत क्षार धरतो. अॅसिड सोडलं की मोकळी हुती. पर पाणी खारं हाय तवर अॅसिड सोडायचं बंद करून चालत न्हाय." डॉक्टरीणबाई हसल्या. "असंच आहे. स्प्रिंगनं एक जागा मोकळी झाली. पाणी तेच आहे." मग मलाही कळलं, की आपली नळी अजून तुंबलेली नाही म्हणून पाणी गोड आहे असं नाही.

हे मी मुद्दाम लिहिते. पुढं तुम्ही काय सोडलंत ते तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. अडाणीपणानं सोडली असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माहेरी कुणाला असा त्रास होता का. तुम्ही सहज सांगितलंत, की वडील भर चाळिशीत शेताच्या बांधावर पडले ते उठले नाहीत. धाकटा भाऊ सोमेश्वरनगरला कारखान्यावर उसाची गाडी घेऊन रांगेत उभा होता, तिथंच गेला. त्याचीही चाळिशी सरली नव्हती. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "तुम्हाला लेकरं किती?"

"एकच लेक. ह्यांच्या घरात दिलीया."

"मग तिचं रक्त तपासायला हवं. असं घराण्यात उतरतं. तिला अजून काही त्रास नसेल, म्हणूनच आत्ता."

मी म्हणाले, उद्याच आणते. बाहेर आल्यावर पायरी उतरायच्या आधी तुम्ही माझ्यावर कडाडलात. "नातवंडं कालिजात गेली आन आता माल तपासून घेताय व्हय, इहीणबाई? खोटा निघाला तर परत देनार का?"

"परत कशापायी देऊ? तिच्यासारखी भाकरी तुमाला तरी येती का?"

"माझ्या लेकीला आजारी म्हनायचं न्हाय. तिला काय बी झालेलं न्हाय."

"मी कवा म्हनलं झालंय? व्हायच्या आधी बघा म्हनते."

तुम्ही त्या दिवशी मुक्कामाला आला नाहीत. स्टँडवरून परस्पर गेलात. त्या वर्षी डाळिंबंही आली नाहीत. मला राग आला होता, पण तो फळांचा नव्हता. अलका काडीसारखी बारीक. पहाटे उठून भाजीच्या रानात, दुपारी जनावरं, संध्याकाळी पुन्हा चूल. तिच्याकडं बघून कुणाला वाटलं असतं, की हिच्या रक्तात चरबी असेल? आणि मला सारखं तिचा आजा दिसायचा, जो मी कधी बघितलाच नव्हता. बांधावर पालथा पडलेला. आमचं घर माझ्यावर नाही, अलकावर उभं आहे. हे तिच्या तोंडावर मी कधी म्हटलेलं नाही. सुनेला असं सांगायची आमच्यात पद्धत नाही.

मग तुमच्या गावची बस काशीला गेली. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी गंगेवर सोडून यायचं आणि जन्मात परत तोंडाला लावायचं नाही, ही आपली रीत. सगळ्या बायका हुशार. कुणी शेपू सोडते, कुणी कारलं. जी भाजी आधीच आवडत नाही ती देवाला. तुम्ही आल्यावर मी फोनवर विचारलं, "काय सोडलं?" तुम्ही म्हणालात, "तुमाला काय करायचंय?" मी समजले, अजून घुश्शात आहेत.

पुढच्या तपासणीला तुम्ही आलात. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, गोळ्या चुकल्या का मध्ये? सगळ्यांच्याच चुकतात. सांगितलं तर मला बरं पडतं."

"चुकली न्हाय. सोडली."

"का? पाय दुखत होते? पोटात बिघडलं?"

"काशीला सोडली."

त्यांना आधी कळेना. माझ्याकडं बघितलं. मीही तोंड उघडं टाकून बसलेली. मग त्या म्हणाल्या, "आजी, काशीला भाजी सोडतात ना?"

"भाजी सोडायला काय लागतंय? भाजीवाचून कोन मरतंय?"

त्या बाईंचं मला कौतुक वाटतं. वाद घातला नाही, तुमच्या देवाला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं. ती सोडलीत ती सोडलीत. याच कामाची दुसऱ्या नावाची गोळी आहे. ती तर नाही ना सोडली?"

तुम्ही त्यांच्याकडं असं बघितलंत, जसं लहान पोर लबाडी करताना सापडलंय. "डॉक्टरीणबाई, माल तोच, पाकीट दुसरं. देव काय येडा हाय?"

मला हसू आलं. त्यांनी त्या नव्या गोळ्या लिहिल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडं असू द्या. मन बदललं तर."

बाहेर कट्ट्यावर आपण दोघी बसलो. मी बोलणार होते, पण तुम्हीच आधी बोललात. तोंड रस्त्याकडं होतं.

"इहीणबाई, मी फुकट न्हाय सोडली. बदली मागितलंय. म्हनलं, माझी जी काय ढाल हाय ती तू घे आन माझ्या लेकीच्या अंगात हे उतरू देऊ नगंस. बाप नेलास, भाऊ नेलास, मला ने. तिथं थांब."

तेव्हा मला समजलं, की तुम्ही त्या पायरीवर माझ्यावर का ओरडला होता. भीती तुम्हाला माझ्याआधी लागलेली होती. पेन थांबलं तेव्हाच. मी एवढंच म्हणाले, "देवानं घेतलं का न्हाय, ते तपासल्याबिगर कसं कळायचं?" तुम्ही पिशवी उचललीत. एसटी आली आणि गेलात.

मी वाट बघितली नाही. दुसऱ्या आठवड्यात माझी साखर तपासायची होती, अलकाला म्हटलं, "चल, तुझं बी रक्त दे." ती म्हणाली, "मला काय झालंय?" मी म्हटलं, "झालं न्हाय तवरच." तिनं कुरकुर करत हात पुढं केला. रिपोर्ट आला तो तुमच्या रिपोर्टाचा सख्खा भाऊ. डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून नीट सांगितलं, की हे खाण्यामुळं नाही, हे माहेरून आलं आहे, तेल कमी कर, पण नुसत्या पथ्यानं भागणार नाही, गोळी लागेल. अलका ऐकून घेऊन घरी आली आणि पाकीट फडताळावर ठेवून दिलं.

"आत्या, मी काडीसारखी. मला कसली चरबी? आन आई स्प्रिंग बसवून गोळी घेत न्हाय, तिला काय झालंय? ती घेत न्हाय तर मी बी घेत न्हाय."

तुमचीच लेक. मी फोन लावला. खोटं बोलले नाही, रिपोर्ट जसा होता तसा सांगितला. तुम्ही एवढंच म्हणालात, "येते."

दुपारच्या एसटीनं आलात. पिशवी ठेवली नाहीत, पाणी मागितलंत. अलका तांब्या घेऊन आली. तुम्ही मला म्हणालात, "इहीणबाई, ते दुसऱ्या पाकिटातलं काढा." मी काढलं. तुम्ही गोळी हातावर घेतलीत, तिच्याकडं बघितलंत, आणि लेकीसमोर गिळून टाकलीत.

"आई, काशीला सोडलीस नव्हं?" अलका म्हणाली.

"देवानं त्याचा शबूद पाळला न्हाय, मी कशापायी पाळू? आन तुझी गोळी कुठं हाय? आता घे माझ्याम्होरं."

तिला वाटलं तुम्ही गंमत करताय. कसला शब्द, तिला काय माहीत! ती हसली आणि हसता हसता तिनं गोळी घेतली. काम झालं. मला वाटलं, किती सोपं होतं.

मग तुम्ही माझ्या मागं चुलीजवळ आलात. तांब्या खाली ठेवून म्हणालात, "इहीणबाई, मी हसून बोलले, पर मोडलं ते मोडलं. काशीचं मोडलेलं फुकट जात न्हाय. जे काय व्हायचं ते मला हुईल. हिला कळू देऊ नगा, कशासाठी सोडली हुती आन कशासाठी घेतली. ही जन्मभर डोक्यावर घेऊन बसंल. शबूद द्या." मी दिला. तुमच्याकडं बघून दुसरं काही सुचलं नाही. आणि त्या खेपेला तुम्ही आमच्याकडं पहिल्यांदा दोन रात्री राहिलात.

पुढची वर्षं चांगली गेली, विहीणबाई. ती वर्षं तुम्ही शिक्षेची वाट बघत काढलीत का, हे मला कधी विचारता आलं नाही. बघून तसं वाटायचं नाही. मांड्या दुखतात म्हणून तुम्ही डॉक्टरीणबाईंचं डोकं खाल्लंत. त्यांनी रक्त तपासलं, गोळी कमी ताकदीची केली, जोडीला दुसरी दिली, मग दुखणं थांबलं. बाकावर बसून आपण रिपोर्टांची बरोबरी करायचो. माझा आकडा कमी आला की तुम्ही म्हणायच्या, "तुमच्या अंगात हायच काय, चरबी न्हाय आन माया बी न्हाय." अलकाचा आकडा उतरला तेव्हा तुम्ही डॉक्टरीणबाईंना तीनदा वाचायला लावलात. त्या दिवशी स्टँडवर मला भजी खायला घालायला निघालात. मी म्हटलं, "आत्ताच रिपोर्ट घेतलाय, जनाची न्हाय तर त्या बाईची लाज धरा." मग आपण केळी खाल्ली.

आपला एक वाद तसाच राहिला. मी म्हणायची, देवाचा ह्यात काही संबंध नाही. तुमच्या बापाच्या रक्तात होतं, ते तुमच्यात आलं, तुमच्यातून अलकात आलं. तुम्ही काशीला जायच्या कितीतरी आधी, ती पोटात होती तेव्हाच आलं. तुम्ही म्हणायच्या, "व्हय, दिलं त्यानं. पर माझ्या बापाला दाखवलं न्हाय, भावाला दाखवलं न्हाय, हिला येळेत दाखवलं. हे बी देनंच हाय." मी म्हणायची, ते डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. तुम्ही म्हणायच्या, "त्यांना हितं कुनी धाडलं?" ह्यावर मी विषय बदलायची. पण तुमचं अजून पटलेलं नाही, हे लक्षात ठेवा.

ह्या थंडीत तुम्हाला खोकला झाला आणि तुम्ही काढे करून पीत बसलात. जुनी खोड. बारामतीला आणेपर्यंत धाप लागलेली. मी आत आले तेव्हा तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. तुम्ही अलकाकडं बघितलंत, मग माझ्याकडं, आणि बोट उचलून मास्कवर ठेवलंत. मला वाटलं पाणी मागताय. मी नर्सला हाक मारली, ती म्हणाली पाणी द्यायचं नाही. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, मी मूर्ख आहे अशी. घरी येताना गाडीत मला कळलं. तोंड बंद ठेवा म्हणत होता.

ठेवलं असतं हो. मी सहसा दिलेलं मोडत नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा येईना. पुतण्या म्हणाला, बागेला पाणी कमी पडू देणार नाही. कावळा नाही. माझा लेक म्हणाला, अलकाला काही कमी पडणार नाही. नाही. ऊन चढलं. मग मागून तुमची चुलत जाऊ बोलली, जी काशीला तुमच्या शेजारच्या सीटवर होती. "कसा शिवंल? गंगेत सोडलेलं परत तोंडाला लावलं. त्याचंच फळ हाय हे समदं." हळू बोलली, पण हळू बोललेलंच लांबवर ऐकू जातं. अलकाचा चेहरा उतरलेला मी बघितला.

मी तेव्हाच मागं वळून बघितलं होतं. पलीकडच्या रानात उसाच्या खोडव्याची नांगरट चालली होती आणि सगळे कावळे ट्रॅक्टरच्या मागं किडे टिपत होते. मी ते म्हटलंसुद्धा. कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळानं ड्रायव्हर चहाला थांबला आणि कावळे आले. एक सोडून पाच आले. लोकांनी हात जोडले. मीही जोडले. पण अलकाच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

आम्ही दोघी जेवण झाल्यावर एकाच डब्यातून गोळ्या घेतो. काल तिनं माझ्या मला दिल्या आणि झाकण लावलं.

"तुझी?"

"नको मला."

"नको म्हंजी?"

"दहाव्यापासनं घेतली न्हाय, आत्या. मी हट्ट केला म्हनून आईनं काशीचं मोडलं. मी घेतली असती गुमान, तर तिला मोडायची पाळी आली नसती. तिच्या जिवावर मला जगायचं न्हाय."

मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले, विहीणबाई. फार वेळ नाही. मग तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. कट्ट्यावर तुम्ही काय बोललात ते. बाप नेलास, भाऊ नेलास, तिथं थांब. चुलीजवळ काय बोललात तेही. ती ऐकत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि मला दिसत होतं, की तुम्ही म्हणालात तेच होतंय. ही हे डोक्यावर घेऊन बसणार. म्हणून मी थांबले नाही.

"रडतीस काय, ऐक. देवाला गोळीपायी तिला न्यायचं असतं तर छातीतनं न्यायला काय झालं हुतं? तुमच्या घरान्यात ती वाट त्याला पाठ हाय. तिथं तर तो शिरलाच न्हाय. मोठा डॉक्टर म्हनला, काळीज धडधाकट हुतं. खोकल्यानं गेली ती, आन वरनं काढे पीत बसली म्हनून गेली. दुसरं. तिनं सोडली ती तुझ्यासाठी आन घेतली ती बी तुझ्यासाठी. आता तू सोडलीस तर तिचं सोडनं बी वाया आन घेनं बी वाया. तिच्या दोन्ही येळच्या कष्टाची माती करायची असंल तर कर. मी काय तुझ्या तोंडात कोंबनार न्हाय."

अलकानं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "मग तवाच का न्हाय सांगितलं मला?"

"तुझ्या आईनं माझं तोंड बांधलं हुतं."

"आन आता?"

"आता काय करनार हाय ती मला?"

ती माझ्याकडं बघत राहिली. आणि मग तिला हसू फुटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता ती मोठ्यानं रडायला लागली, इतक्या मोठ्यानं की माझा लेक ओट्यावरून धावत आत आला, आणि दोघींकडं बघून काही न कळता परत गेला. इतके दिवस ती सगळ्यांच्या देखत रीतीनं रडत होती. काल तुमच्यासाठी रडली. मी तिला रडू दिलं. भांडी तशीच होती, ती मी घासली.

तेव्हा रागवायचं असेल तर रागवा, विहीणबाई. मी तिकडं आले की भांडू. मला घाई नाही. पण तुमच्या लेकीनं उठून डबा उघडला, गोळी काढली आणि माझ्यासमोर घेतली, आणि आज सकाळी मी न विचारता म्हणाली, "आत्या, पुढच्या तपासणीला पोरांची बी रक्तं देऊन येऊ. आईची नातवंडं हायती."